१९८४ ची पद्मिनी : हार्नेस बसवू की थ्री पॉइंट?

करवीर_११००

नमस्कार मंडळी,

बाबांची १९८४ ची प्रीमियर पद्मिनी गेल्या दिवाळीत माझ्याकडे आली. इंजिन उतरवून रिंग-पिस्टनचं काम केलं, ब्रेकचे सिलिंडर नवे घातले, पत्र्याचं काम अर्ध्यावर आहे. गाडीत एकही सीटबेल्ट नाही, कधी नव्हताच. पुढं अखंड बाकडं, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. याच गाडीतून बाबांनी आम्हाला दरवर्षी आंबा घाट उतरून गणपतीपुळ्याला नेलं. मी पुढं आईच्या मांडीवर बसायचो, डॅशबोर्डवर हात टेकून.

आता माझी मुलगी सहा वर्षांची आहे आणि तिला तसं बसवायला माझं मन धजत नाही.

म्हणून एक फोर पॉइंट हार्नेस, म्हणजे शर्यतीच्या गाडीतला चार टोकांनी बांधायचा पट्टा, मागवलाय. दोन इंची लाल पट्टे, छातीवर दाबून सुटणारं बकल, सोबत चार आयबोल्ट आणि वॉशर. विचार असा की कमरेचे पट्टे बाकड्याच्या दोन्ही बाजूंना फ्लोअरला आणि खांद्याचे पट्टे पाठीवरून खाली, मागच्या सीटच्या पायाशी फ्लोअरला बांधायचे. मिस्त्री म्हणतात, दोन तासांचं काम आहे, शनिवारी गाडी सोडा. पण गाडी सोडायला पाय उचलत नाही. कुणी असं काम केलंय का? कोल्हापुरात उद्यमनगर हाताशी आहे, त्यामुळं लेथ, वेल्डिंग, हवं ते करून मिळेल. फक्त काय करून घ्यायचं ते कळायला हवं.

पत्राकाम

दादा, शनिवारी गाडी सोडू नका. एकदा भोक पडलं की पत्रा पूर्ववत होत नाही.

आधी एक करा. मॅट आणि खालचं डांबरी अस्तर काढा, जाड पेचकस घ्या आणि फ्लोअर, सिल (दाराखालचा पत्रा), दारांमधल्या खांबाचा तळ असं सगळीकडे जोर लावून टोचून बघा. चाळीस वर्षांच्या गाडीत रंग चांगला दिसतो आणि खाली पापुद्रे सुटलेले असतात. पेचकस आत गेला तर पट्ट्याचा विषय नंतर, आधी पत्रा बदलायचा. पट्टा कितीही भारी आणा, तो ज्या पत्र्याला बांधलाय त्याच्याएवढाच तो मजबूत.

सोबत आलेल्या वॉशरचं माप टाका.

सहचालक_नाशिक

मी बरीच वर्षं रॅलीत सहचालक म्हणून बसलोय. हार्नेस अंगावर घालूनच माझं निम्मं आयुष्य गेलं, म्हणून कळकळीनं सांगतो, हा हार्नेस या गाडीत घालू नका.

रॅलीच्या गाडीत हार्नेस कधीच एकटा नसतो. त्याच्याबरोबर पाठ घट्ट धरणारी, खांद्याच्या पट्ट्यांसाठी खाचा असलेली सीट असते, डोक्यावर लोखंडी पिंजरा असतो, हेल्मेट असतं आणि हेल्मेटला खांद्यांवरच्या कॉलरला बांधून ठेवणारं हॅन्स असतं. यातलं एक जरी काढलं तरी उरलेलं माणसाला इजा करू शकतं.

तुमच्या बेतात मला तीन धोके दिसतात. खांद्याचे पट्टे पाठीवरून सरळ खाली फ्लोअरला नेलेत तर धक्क्यात ते माणसाला मागं ओढण्याऐवजी खाली दाबतात. सगळा भार मणक्यावर उभा येतो. एफआयएच्या (मोटारशर्यतींच्या जागतिक संघटनेच्या) नियमात हे पट्टे मागं जाताना आडव्या रेषेपासून ४५ अंशांपेक्षा जास्त खाली उतरायला नकोत, आणि १० अंशांच्या आत ठेवावेत अशी शिफारस आहे. पद्मिनीचं बाकडं पाठीला बुटकं. त्यावरून फ्लोअरला गेलेला पट्टा जवळपास उभाच येणार.

दुसरं, चार टोकांच्या हार्नेसला मांड्यांमधून जाणारा पट्टा नाही. समोरून धडक बसली की खांद्याचे पट्टे बकलला वर ओढतात, कमरेचा पट्टा हाडावरून पोटावर चढतो आणि माणूस खालून सरकतो. मऊ, स्प्रिंगच्या बाकड्यावर तर हमखास. आमच्या हार्नेसला सहा टोकं असतात ती याचसाठी.

तिसरं, गाडी उलटली तर. पिंजरा नाही, छत खाली येणार, आणि हार्नेसनं धड ताठ बांधून ठेवलेलं. साध्या थ्री पॉइंटमध्ये, म्हणजे कमरेवरून आणि एका खांद्यावरून जाणाऱ्या नेहमीच्या पट्ट्यात, माणूस निदान बाजूला कलंडू शकतो.

मानेचं वेगळंच. दोन्ही खांदे जखडले की पुढं फेकलं जाणारं फक्त डोकं उरतं, आणि त्याचा सगळा हिसका कवटीच्या बुडाशी बसतो. फॉर्म्युला वनमध्ये २००३ पासून हॅन्स सक्तीचं झालं ते याच इजेमुळं. तुम्ही गणपतीपुळ्याला जाताना हेल्मेट आणि हॅन्स घालणार नाही.

आणि हार्नेसचं लेबल बघा. एफआयएच्या खऱ्या हार्नेसवर प्रमाणपत्राचा क्रमांक आणि कोणत्या वर्षानंतर तो वापरायचा नाही ते शिवलेलं असतं. तसं लेबल नसेल तर तो कशालाच वापरू नका.

करवीर_११००

लेबल पाहिलं. कंपनीचं नाव आणि ‘रेसिंग’ एवढंच आहे. वर्ष नाही, क्रमांक नाही. वॉशर २५ मिलीमीटर व्यासाचे, जाडी दीड मिलीमीटर.

अपघातविभाग

सहचालकांनी पोटाचं सांगितलं, त्यात माझी भर. मी जिल्ह्याच्या ठिकाणी अपघात विभागात काम करते.

पट्टा कुठून जातो याला आम्ही फार महत्त्व देतो. कमरेचा पट्टा खाली, मांडीच्या सांध्याला लागून, ओटीपोटाच्या दोन्ही बाजूंना पुढं येणाऱ्या हाडांवर बसला तर तो भार हाड पेलतं. तोच चार बोटं वर, मऊ पोटावर असेल तर पोटावर आडवा जांभळा वळ उमटतो. असा वळ दिसला की आम्ही आतडं फाटलंय का आणि कमरेचा मणका मोडलाय का हे शोधायला लागतो. पेशंट तोपर्यंत बोलत असतो, पाणी मागत असतो.

खांद्याचा पट्टा गळ्याला घासायला नको आणि दंडावरून घसरायला नको. गळपट्टीच्या हाडाच्या मधोमध हवा. कुणी म्हणेल हे सगळ्यांना माहीत असतं. पण जुन्या गाडीत खांबावरची जागा तुम्ही स्वतः ठरवणार आहात. कंपनीनं ठरवून दिलेली नाही. म्हणून भोक पाडण्याआधी जो माणूस गाडी चालवणार त्याला त्याच बाकड्यावर बसवून सुतळी धरून बघा. वहिनींची उंची वेगळी असेल तर त्यांनाही बसवा.

जुनंलोखंड

मतभेद मांडतो, राग मानू नये. माझ्याकडे १९७० च्या दशकातली फियाट आहे. या गाड्यांचा पत्रा आजच्यासारखा कागदी नाही. माझ्या गाडीला एकदा नव्या हॅचबॅकनं मागून ठोकलं, त्याचं तोंड गेलं, माझ्या बंपरला पोचा आला. आपण चाळीस-पन्नासनं चालवतो. असल्या गाडीला भोकं पाडून तिचं मूळ रूप घालवायचं का?

सहचालक_नाशिक

काका, गाडीवरचं तुमचं प्रेम समजतं. पण ज्या गाडीचं तोंड चुरगळलं नाही, त्या गाडीतल्या माणसाला थांबायला जागाही मिळाली नाही.

हिशेब करू. ५० च्या वेगात असलेला माणूस एकूण अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबला, तर त्याच्यावर येणारी ओढ त्याच्या वजनाच्या वीसपट. ७० किलोच्या माणसाला पावणेचौदाशे किलो. गाडी टणक असेल तर अंतर कमी आणि ओढ त्याहून जास्त. पट्टा नसेल तर हे थांबणं स्टिअरिंगच्या दांड्यावर, किंवा काचेवर, काही सेंटिमीटरमध्ये होतं. तो दांडा या गाड्यांत आजच्यासारखा दबत नाही.

पट्ट्यांच्या बांधणीसाठी युरोपचा आर १४ नियम आहे. त्यात थ्री पॉइंटच्या खांद्याच्या भागाला आणि कमरेच्या भागाला, एकाच वेळी, प्रत्येकी १३,५०० न्यूटन ओढ देतात. म्हणजे पुन्हा तेच, पावणेचौदाशे किलो. आता तो २५ मिलीमीटरचा वॉशर डोळ्यांसमोर आणा.

पत्राकाम

वॉशरचं माप मागितलं ते याचसाठी. एवढा वॉशर एक मिलीमीटरच्या पत्र्यातून बुच उपटावं तसा निघून येतो. आता सविस्तर लिहितो, कारण हेच माझं काम.

प्रत्येक टोकाला पत्र्याच्या पलीकडून पाटी हवी. रॅलीच्या नियमात किमान ४० चौरस सेंटिमीटर आणि ३ मिलीमीटर जाडी सांगितली आहे. ६५ बाय ६५ ची पाटी कापली की ४२ चौरस सेंटिमीटर होते. मी ४ मिलीमीटरची वापरतो. कोपरे गोल करायचे आणि कडा कानशीनं मारायच्या, नाहीतर पाटीची धारच पत्रा कापते. पाटी ओढीच्या उलट बाजूला, म्हणजे पट्टा वर ओढणार असेल तर फ्लोअरच्या खालून. पाटी पत्र्याला सपाट चिकटली पाहिजे, फ्लोअरच्या घडीवर अधांतरी नको.

बोल्ट साडेतीन सुताचा, म्हणजे ७/१६ इंच, बारीक आट्याचा, इंचाला २० आटे. जगभर सीटबेल्टला बहुतेक हाच असतो. याच मापाचा जाड आट्याचा, १४ आट्यांचा बोल्टही बाजारात मिळतो आणि तो नटमध्ये एक-दोन फेरे जातोही. तिथं मिस्त्रीनं लांब पाना लावून रेटलं की आटे गेले, आणि बाहेरून बोल्ट घट्ट दिसतो. म्हणून हातानं पूर्ण बसवून बघायचा, मगच पाना. डोक्यावर सहा रेघा असतात तो ग्रेड ८. कोऱ्या डोक्याचा बोल्ट घेऊ नका. आणि बेल्टबरोबर येणारा खांदेवाला बोल्टच वापरा. तो घट्ट आवळल्यावरही ब्रॅकेट मोकळं फिरतं. ब्रॅकेट जखडलं तर पट्टा वळतो आणि कडेनं फाटतो.

आतल्या बाजूचं बकल बोगद्याशेजारी, म्हणजे फ्लोअरच्या मधल्या उंचवट्याशेजारी येईल. तिथं खालून प्रोपेलर शाफ्ट फिरतो, हँडब्रेकची केबल जाते, सायलेन्सरचा पाइप आहे, ब्रेकची आणि पेट्रोलची नळी आहे. गाडी रॅम्पवर घेऊन खालून प्रत्यक्ष बघून खूण करा. वरून अंदाजानं ड्रिल मारून ब्रेकची नळी भोसकलेली गाडी माझ्याकडे आलेली आहे. बाहेरचं टोक सिलजवळ. सिल पेटीसारखी पोकळ असते, तिच्यातून आरपार बोल्ट न्यायचा तर आत नळीचा तुकडा हवा, नाहीतर आवळताना पेटी चेपते.

खांबाचं काम खरं अवघड. मधला खांब दोन पत्र्यांची बंद पेटी. त्यात मागून हात जात नाही, म्हणून लोक नुसता पत्र्यात नट वेल्ड करतात किंवा फुगवायचा रिव्हेट नट घालतात. दोन्ही चूक. मी आतल्या पत्र्याला, ट्रिमखाली झाकली जाईल अशी खिडकी कापतो, नट वेल्ड केलेली लांबट पाटी आत सरकवतो, पत्र्याला भोकं पाडून त्या भोकांतून पाटीला वेल्ड भरतो आणि खिडकी बंद करतो. वेल्डिंगआधी बॅटरी सोडा, छताचं कापड उकला, दाराचं रबर काढा, शेजारी ओली गोणपाटं आणि पाण्याची बादली ठेवा. नंतर प्रायमर आणि पोकळीत मेण, नाहीतर तीन पावसाळ्यांत आतून गंज.

वरचं टोक बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या बरोबरीला किंवा थोडं वर. खाली नकोच. कमरेच्या पट्ट्याचा कोन फ्लोअरपासून ३० ते ८० अंशांत बसला पाहिजे, मी साठच्या आसपास ठेवतो.

अजून एक, बाकड्याचे रूळ आणि त्याचे बोल्ट. बाकडंच सुटलं तर ते पाठीमागून पट्ट्यातल्या माणसाला ढकलणार.

घाटवाट_सातारा

माझा अनुभव लिहितो. शहरातल्या एका सीटकव्हरच्या दुकानात मी पुढच्या दोन सीटना बेल्ट बसवून घेतले होते. त्याचं नाव घेत नाही. वर्षभर रोज लावले. मुलीला अभिमानानं सांगायचो की बघ, बाबा पट्टा लावतो.

पसरणी घाटात वळणावर गाय आडवी आली, जोरात ब्रेक दाबला. धडक नाही, नुसता ब्रेक. खांबावरचं टोक निघून माझ्या मांडीवर पडलं. उघडून पाहिलं तर पत्र्यात मारायचा खिळ्यासारखा स्क्रू, पाऊण इंच लांब. बोल्ट नाही, नट नाही. वर छान प्लॅस्टिकची टोपी लावलेली, म्हणून वर्षभर मला दिसलं नाही.

तो स्क्रू मी अजून किल्ल्यांच्या वाटीत ठेवलाय. करवीर, काम झाल्यावर टोप्या लावण्याआधी प्रत्येक बोल्टचा फोटो काढून घ्या.

लीड्सकर_ताई

आमच्याकडे इंग्लंडमध्ये जुन्या गाड्यांना बेल्ट लावणं नेहमीचं. १९६५ च्या आधीच्या गाड्यांना बेल्टची सक्ती नाही, तरी आमच्या क्लबातले बहुतेक जण बसवून घेतात. त्यातून शिकलेली एक गोष्ट सांगते.

पट्टा आपोआप गुंडाळणारी रीळ घेतलीत तर ती कोणत्या कोनात बसवायची ते तिच्या कागदावर असतं, आणि तो कोन पाळावाच लागतो. आत एक गोळी किंवा लोलक असतो, गाडी हिसकली की तो कलतो आणि दात अडकतात. युरोपच्या आर १६ नियमाप्रमाणं रीळ १२ अंशांपर्यंत कलली तर अडकायला नको, २७ अंशांपुढं अडकलीच पाहिजे. आता ती मुळातच पंधरा अंश वाकडी बसवली तर काय होईल? सपाट रस्त्यावरही पट्टा ओढला की अडकेल, किंवा दुसऱ्या बाजूला वाकडी असेल तर जिथं अडकायला हवी तिथं उशीर करेल. माझे यजमान पहिल्या दिवशी चढावर लावलेल्या गाडीत बसले आणि पट्टा बाहेरच येईना. माणूस कंटाळून बेल्ट लावणं सोडतो ते अशानं.

खांबाचा तळ तिरका असेल तर रिळेखाली पाचर घडवून घ्या. ते जमत नसेल तर बिनरिळेचा, हातानं ताणायचा थ्री पॉइंट घ्या. १९५९ मध्ये व्होल्वोत निल्स बोहलिन यांनी थ्री पॉइंट आणला तेव्हा तो बिनरिळेचाच होता, आणि व्होल्वोनं त्याचं पेटंट सगळ्यांना खुलं ठेवलं. हातानं ताणायचा पट्टा चांगलं काम करतो, फक्त प्रत्येक वेळी ताणावा लागतो.

आणि भंगारातला बेल्ट नको गं बाई. अपघातात ताणला गेलेला पट्टा पुन्हा तेवढं काम देत नाही, आणि तो ताणला गेलाय हे दिसेलच असं नाही.

करवीर_११००

हार्नेस परत पाठवला. पेचकस टोचून पाहिला. ड्रायव्हरच्या पायाखाली आणि डाव्या सिलच्या मागच्या टोकाला आत गेला. दोन्ही जागा कापून नवा पत्रा घालतोय.

आता मुलीचा प्रश्न. ती मागं बसणार. मागं नुसता कमरेचा पट्टा पुरेल का? तो बसवणं सोपं वाटतं.

अपघातविभाग

सहा वर्षांच्या मुलीला नुसता कमरेचा पट्टा मला पटत नाही. मुलांची कमरेची हाडं पुरती घडलेली नसतात, पट्टा त्यांच्या पोटावर लगेच चढतो, आणि धड पुढं दुमडून डोकं गुडघ्यावर किंवा पुढच्या बाकड्यावर आदळतं. तिला पाठ असलेली बूस्टर सीट (मुलाला उंच बसवणारी, म्हणजे पट्टा नीट जागी येतो) हवी, आणि बूस्टरला थ्री पॉइंट लागतो. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा बाल-आसनाविना असेल तर हजार रुपये दंड आहे, पण तुम्ही दंडासाठी विचारत नाही आहात हे कळतंय.

मागं बसलं की चालतं ही समजूत मला रोज दिसते. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले, तेव्हा ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. गाडी आजच्या काळातली, एअरबॅगवाली होती.

पत्राकाम

मागं थ्री पॉइंट होतो. वरचं टोक मागच्या खांबात घ्या, काचेखालच्या फळीच्या पत्र्यात नको, तो फार हलका असतो. पाटीचं काम मधल्या खांबासारखंच. पैसे मोजके असतील तर मागं एकच करा, डावीकडं, पण पूर्ण करा.

करवीर_११००

सात आठवड्यांनी लिहितोय. काम झालं.

पुढं दोन आणि मागं डावीकडं एक, तिन्ही थ्री पॉइंट, लेबलवर गोलातलं ई (युरोपच्या नियमांनुसार मान्यतेची खूण) आणि क्रमांक असलेले. पाट्या उद्यमनगरातून लेसरनं कापून घेतल्या, एकूण नऊ. पुढं मधे बसायला आता जागा असूनही कुणी बसणार नाही, तिथं पट्टा नाही. सुतळी धरून पाहिली तेव्हा माझ्यासाठी धरलेली खांबावरची जागा बायकोच्या बाजूला गळ्याला लागत होती, म्हणून तिच्या बाजूचं टोक तीन सेंटिमीटर खाली घेतलं. ते माप कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं. रिळेखाली अकरा अंशांची ॲल्युमिनियमची पाचर आहे, फोनच्या लेव्हलनं मोजून लेथवर काढली. बुटक्या पाठीमुळं मानेला आधार नाही, ते राहिलंय. त्यावर कुणी काही केलं असेल तर सांगा.

रविवारी बाबांना घेऊन आंबा घाट उतरलो. ते बायकोच्या जागेवर बसले होते. बेल्ट लावायला त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत, फक्त जीभ बकलमध्ये घालताना हात थरथरत होता म्हणून मुलीनं मागून वाकून घालून दिली. नंतर तिनं स्वतःचा लावला. उतारावर रीळ एकदाही अडकली नाही. साखरप्याच्या अलीकडं मोकळा रस्ता पाहून मी मुद्दाम कडक ब्रेक दाबला, तिन्ही पट्टे जागच्या जागी धरले. खाली उतरल्यावर पाना लावून नऊही बोल्ट तपासले. एकही हललेला नाही. टोप्या अजून लावलेल्या नाहीत, पाचशे किलोमीटर झाल्यावर पुन्हा एकदा तपासून मग लावणार.

नऊ बोल्टांचे फोटो खालच्या प्रतिसादात टाकतो. पत्राकाम दादा, मागच्या खांबाचं वेल्ड जरा बघून सांगा.